फेज आली की

पंकजा गर्जेनं सुरेखा मुसमाडेशी बोलणं टाकलं त्याला वर्ष होत आलं होतं, आणि हा अबोला तिनं मोठ्या निष्ठेनं पाळला होता. एकाच गाईडच्या हाताखाली, एकाच कांद्याच्या मुळांवर पीएचडी करायची आणि एकमेकींशी शब्दही बोलायचा नाही, हे वाटतं तितकं सोपं नसतं. त्याला कष्ट पडतात. समोरून सुरेखा आली की पंकजा मोबाईल कानाला लावून बोलत सुटायची. पलीकडे कुणीही नसायचं. कँटीनमध्ये सुरेखा बसलेली दिसली की चहा न घेताच मागं फिरायची. मग दुपारभर डोकं दुखायचं, आणि त्याचं खापरही ती सुरेखावरच फोडायची.

कॉलेज बायोटेक्नॉलॉजीचं, देवळाली प्रवराच्या अलीकडे, चहूबाजूंनी ऊस. हंगाम लागला की खिडक्या लावून घेतल्या तरी मळीचा वास आत येतोच. पंकजाची प्रयोगशाळा मोठ्या इमारतीत होती आणि सुरेखाचा मायक्रोस्कोप मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मुळंही त्याच शेडमध्ये वाढायची. ट्रेमध्ये मांडलेल्या, पाण्यानं भरलेल्या कपांच्या तोंडावर गावरान कांदे बसवलेले, खाली पाण्यात पांढरी मुळं लोंबलेली. म्हणजे पंकजाचा सगळा संसार सुरेखाच्या दारात मांडलेला होता. तिथं पाय टाकायचा म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

भांडणाचं मूळ एका वाक्यात होतं. पुण्याहून काही पाहुणे प्राध्यापक आले होते, दोघींचे गाईड ढोकणे सर सगळ्यांची ओळख करून देत होते. पंकजाची पाळी आली तेव्हा सुरेखा मध्येच कौतुकानं म्हणाली, "पंकजाला मी लहानपणापासून ओळखते सर. यांची टोळी आमच्याच फडावर असायची. हिची आई..." पुढचं पंकजानं ऐकलं नाही. ती उठली आणि बाहेर गेली. पाथर्डीकडून दर दिवाळीनंतर ऊस तोडायला येणारी टोळी, बांधावरची पाचटाची कोपी, त्या कोपीत कंदिलाशी पाठ केलेले पाढे, हे सगळं तिनं कधी लपवलं नव्हतं. पण ते सांगायचं तर आपल्या तोंडानं. 'आमच्या फडावर' असं मालकाच्या पोरीनं चारचौघांत सांगायचं काय कारण होतं? त्या दिवसापासून सुरेखा तिला मेली.

आता काम काय होतं ते सांगायला हवं, कारण घोळ त्यातच झाला. पेशी दोन व्हायच्या आधी आपला डीएनए दुप्पट करून घेते. त्या काळाला एस फेज म्हणतात. या डीएनएसाठी लागणारा माल तयार करायला थायमिडीन कायनेज नावाचं एन्झाइम लागतं. एरवी ते पेशीत असून नसल्यासारखं. एस फेज आली की त्याचा जोर एकदम वाढतो, आणि काम उरकलं की पेशी ते मोडून टाकते. पंकजाला कांद्याच्या मुळात हा चढ आणि उतार मोजून दाखवायचा होता. तिच्या पीएचडीचा कणाच तो.

पण मुळातल्या लाखो पेशी काही एका तालावर चालत नाहीत. कुणी पुढं, कुणी मागं. म्हणून मुळांना आधी एक औषध द्यायचं. त्यानं सगळ्या पेशी एस फेजच्या तोंडाशी येऊन अडतात, कारखान्याच्या गेटाबाहेर उसाच्या गाड्या तटून राहतात तशा. मग औषध धुऊन काढायचं की सगळ्या एकदम आत शिरतात. तरी नेमक्या किती वेळानं शिरतील हे घड्याळ सांगू शकत नाही. थंडी असली की मुळं रेंगाळतात. ते बघायचं मायक्रोस्कोपखाली. एक-दोन मुळं रंगवून पाहिली की नवा डीएनए करणाऱ्या पेशींचं केंद्रक हिरवं चमकतं. बहुतेक पेशी हिरव्या झाल्या की एस फेज आली. हे बघणारी, आणि सगळ्या कॉलेजात ते बिनचूक बघता येणारी, एकटी सुरेखा होती. तिचा विषयच तो होता. तिनं बघून सांगायचं, पंकजानं त्या घटकेला मुळं कापून बर्फात घालायची आणि एन्झाइमचा जोर मोजायचा, अशी सरांनी दोघींची जोडी घालून दिली होती. जोडी घालताना दोघींत विस्तव जात नाही हे सरांना ठाऊक होतं. पण घरातल्या भांड्यांचा आवाज ऐकू न येणारे काही पुरुष असतात, त्यातले ते होते.

पंकजानं त्यावर तोड काढली. सकाळी सुरेखा यायच्या आत शेडमध्ये जायचं, औषध धुवायचं, पहिला नमुना आपल्या हातानं कापायचा आणि निघायचं. पुढचा, एस फेजचा नमुना चांगुणामावशींवर सोपवायचा. चांगुणामावशी शेडच्या शिपाईण. ट्रेचं पाणी बदलणं, काचसामान धुणं, बर्फाचं मशीन सांभाळणं ही त्यांची कामं. त्यांना पंकजानं एकदा नीट सांगून ठेवलं की एस फेज आली की मुळं कापून बर्फात ठेवा आणि मला आणून द्या. आली की नाही हे सुरेखाला विचारायचं, हे तिनं सांगितलं नाही. ते वेगळं सांगायची गरज तिला वाटली नाही, आणि खरं म्हणजे सुरेखाचं नाव तिला तोंडातून काढायचं नव्हतं.

पहिल्या खेपेला एन्झाइमचा जोर वाढलाच नाही. दुसऱ्या खेपेला थोडा वाढल्यासारखा वाटला, तिसऱ्या खेपेला पहिल्या नमुन्याहून खाली गेला. पंकजानं रसायनं बदलली, मशीन तपासून घेतलं, मुळं कुटायची पद्धत बदलली. प्रत्येक वेळी आलेखावरची रेघ वेगळंच तोंड करून बसायची. आणि सुरेखाच्या स्लाइड मात्र एकीपेक्षा एक सरस. सर त्या सगळ्यांना दाखवायचे. त्याच ट्रेमधली मुळं, तोच दिवस, तिच्या पेशी शहाण्यासारख्या रांगेत आणि आपल्या पिसाळलेल्या, हे कसं? पंकजानं रात्रंदिवस विचार केला आणि तिला एकच उत्तर सापडलं. सुरेखा आपल्या मुळांना काहीतरी करते.

पीएचडीची मुदत एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. सेमिनार तोंडावर आला होता. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून स्वच्छ सांगितलं की या खेपेला रेघ आली नाही तर बाहेरच्या परीक्षकांपुढं मी तुला उभी करणार नाही, तू सरळ घरी जा. पंकजाच्या डोळ्यांपुढं घर आलं. गावात पोस्टर लावून तिचा सत्कार करणारे चुलते आले, आणि एवढी शिकून परत आली म्हणून हसणारेही तेच चुलते आले. मग तिनं मनातलं सगळं ओकून टाकलं. सुरेखा मला पाण्यात पाहते, तिनंच मुळांची वाट लावली, तिच्या हाताखालून मुळं येतात तोवर माझं काम होणार नाही. सरांनी चष्मा काढला आणि विचारलं की हे सगळ्यांसमोर म्हणशील का. पंकजा म्हणाली, म्हणेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं शेडमध्ये उभे राहिले. पंकजानं आरोप जसाच्या तसा म्हटला, सरांकडे बघून. सुरेखा हाताची घडी घालून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही, त्यानं पंकजा आणखीच भडकली. सरांनी चांगुणामावशींना विचारलं की पंकजा मॅडमची मुळं कोण कापतं, कधी कापतं, कसं कापतं, ते सगळं सांगा.

"म्याच कापते," चांगुणामावशी म्हणाल्या. "मॅडमनी सांगून ठिवलंय न्हवं. फेज आली की कापते."

फेज आली हे तुम्हाला कोण सांगतं, असं सरांनी विचारलं.

चांगुणामावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "सांगायचं काय त्यात? बरफाचं मशीन घुरघुराया लागतं की. थ्री फेज आल्याबिगर ते कुटं चालू व्हतंय?"

बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर डेक वाजवत गेला. पंकजाला आधी कळलंच नाही, आणि मग एकदम कळलं. कॉलेजच्या मागची ही बाजू शेतीच्या लाइनवर होती. दिवे आणि मायक्रोस्कोप कधीही चालायचे, पण बर्फाचं मशीन थ्री फेज विजेवर, आणि थ्री फेजचं वेळापत्रक दर आठवड्याला बदलायचं. कधी सकाळी, कधी उन्हं कलल्यावर. या भागात फेज आली म्हटलं की माणूस मोटर चालू करायला पळतो. दुसरा अर्थ इथल्या पोराटोरांनाही ठाऊक नाही.

पंकजा कशीबशी म्हणाली की मावशी, मी एस फेज म्हटलं होतं.

"व्हय, तसंच म्हन्ला तुमी. 'यस, फेज आली की कापून बरफात ठिवा.' म्हटलं मॅडम इंग्रजीत यस म्हनत्यात." चांगुणामावशींचा आवाज चढला, कारण सरांनी कपाळावर हात मारून घेतला होता. "आता बरफात ठिवायचं तर फेजच लागंल का न्हाई? माझं काय चुकलं? तुमी दोगी एकमेकींचं तोंड बघंना, समदं माझ्या तोंडून बोलायचं, आन आता चूक माझी व्हय?"

सरांनी दोघींना सुनावलं. तुमच्या रुसव्यापायी कॉलेजचं हसं होईल, म्हणाले. परवा शेवटची खेप. या खेपेला मुळं पंकजानं स्वतः कापायची, इथं उभं राहून, सुरेखाच्या शेजारी. एस फेजचा नमुना हवा आणि उतार दाखवायला तिच्यानंतरच्या जी-टू फेजचाही हवा. एवढं बोलून ते निघून गेले. चांगुणामावशी बादली उचलून त्यांच्या मागोमाग बाहेर पडल्या.

सुरेखा आपल्या स्टुलावर जाऊन बसली. पंकजा जागची हलली नव्हती. एक गोष्ट तिच्या डोक्यात आत्ता कुठं शिरत होती. सुरेखा दिवसभर याच खोलीत बसायची. मशीन कधी घुरघुरतं, कात्री कधी चालते, हे तिच्या नाकासमोर घडत होतं.

"तुला माहीत होतं," पंकजा म्हणाली. वर्षातले तिचे सुरेखाशी हे पहिले शब्द.

"पहिल्याच आठवड्यात कळलं." सुरेखानं वर न पाहता सांगितलं. "मशीन लागलं की मावशी कात्री घेऊन येतात. त्या वेळी मायक्रोस्कोपखाली एक पेशी हिरवी नसायची."

"आणि सांगितलं नाहीस."

"कुणाला सांगू? तू सारखी फोनवर असायचीस ना. त्या बंद फोनवर."

पंकजाच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. हिला तेही कळत होतं तर. इतके महिने ती कानाला मोबाईल लावून एकटीच बडबडत गेली आणि ही मनात हसत राहिली. केसानं गळा कापणं म्हणजे आणखी काय असतं? तिला त्या मायक्रोस्कोपसकट सुरेखाला उचलून बाहेर फेकावंसं वाटलं. पण त्याच वेळी तिला हेही कळत होतं की सुरेखाच्या जागी आपण असतो तर आपणही तोंड उघडलं नसतं. उलट मजा बघत बसलो असतो. हे कळल्यामुळं राग कमी झाला नाही, फक्त त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही.

परवाचा दिवस उजाडला. पंकजानं आदल्या दिवशीच थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून ठेवला होता. थंडी होती. तिनं औषध धुतलं, पहिला नमुना कापला, आणि कात्री घेऊन ट्रेपाशी उभी राहिली. सुरेखा आली, मफलर काढला, बसली. तिनं दोन मुळं घेतली, रंगवली, मायक्रोस्कोपखाली धरली. बघितलं, आणि काही बोलली नाही. थोड्या वेळानं पुन्हा दोन मुळं. पुन्हा काही नाही.

आपण विचारल्याशिवाय ही सांगणार नाही, हे पंकजाच्या ध्यानात आलं. सगळं हिच्या डोळ्यांत आहे आणि ही ते डोळे मिटून बसेल. एस फेज येईल, निघून जाईल, एन्झाइम चढेल, मोडून जाईल, आणि आपण कात्री धरून उभ्या. तिनं दातओठ खाल्ले. आईनं कुणापुढं मान खाली घातली नव्हती असं तिला म्हणायचं होतं, पण ते खरं नव्हतं. आईनं मुकादमापुढं घातली होती, मालकापुढं घातली होती, आणि त्या मान खाली घालण्यावरच पंकजाचं शिक्षण झालं होतं.

"आली का?" तिनं विचारलं.

"नाही अजून."

पंकजानं परत विचारलं. सुरेखा परत नाही म्हणाली. प्रत्येक वेळी पंकजाला नाक घासल्यासारखं व्हायचं, आणि प्रत्येक वेळी सुरेखा सरळ आवाजात उत्तर द्यायची, वाण्यानं भाव सांगावा तसं. मग एकदा तिनं बराच वेळ डोळा लावून ठेवला, चाक थोडं फिरवलं आणि म्हणाली, "आली. काप."

पंकजाचा हात थांबला. आणि ही खोटं बोलत असली तर? तिनं सुरेखाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर्षभर न पाहिलेला चेहरा. डोळ्यांखाली काळं आलं होतं, बाकी त्यावरून काही कळेना. मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून पंकजाला काही उमगलं नसतं आणि दुसऱ्या कुणाला बोलवायला वेळ नव्हता. सगळ्या जगात आज या एका बाईच्या शब्दावर तिची पीएचडी टांगलेली होती, आणि ती बाई नेमकी ही असावी. तिनं मुळं कापली, बर्फात घातली आणि डबा छातीशी धरून मोठ्या इमारतीकडे पळाली.

एन्झाइमचा जोर वाढला होता. वाढला म्हणजे किती, पहिल्या नमुन्याशेजारी ती रेघ ताडासारखी उभी राहिली. पंकजानं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिला हसू यायला हवं होतं, आणि आला तो संताप. सुरेखानं खरं सांगितलं होतं. खोटं सांगितलं असतं तर तिला जन्मभर शिव्या घालता आल्या असत्या, सरांपुढं मान वर करता आली असती. आता तेही राहिलं नाही. ती टेबलाशी बसून रागानं रडली. रडणं आवरल्यावर तिनं काचसामान न्यायला आलेल्या चांगुणामावशींना सांगितलं की शेडमध्ये जाऊन सुरेखा मॅडमना सांगा, रेघ आली म्हणून.

"म्या न्हाई सांगत," चांगुणामावशी म्हणाल्या. "म्या कायबी सांगितलं तर तुमी दोगी त्याचं वाटोळं करता."

म्हणून पंकजा स्वतः गेली. दारातच उभी राहून तिनं दोन शब्दांत सांगितलं की रेघ आली.

"येणारच," सुरेखा म्हणाली. "वेळेवर कापलीस." मग डोळा मायक्रोस्कोपला तसाच ठेवून म्हणाली, "त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी पुढं काय म्हणत होते, ते तू ऐकलंच नाहीस. तुझी आई ऊस अगदी जमिनीबरोबर कापायची. आमच्या फडात तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. आमचे आजोबा दुसऱ्यांना दाखवायचे. एवढंच म्हणणार होते मी."

आईचा वाकलेला पाठीचा कणा पंकजाला दिसला, आणि बांधावर उभं राहून दुसऱ्यांना तो हात दाखवणारे आजोबाही दिसले. सुरेखाला यात वावगं काय आहे हे कधीच कळणार नव्हतं.

"माझ्या आईला तुमच्या फडाचं सर्टिफिकेट नकोय," ती म्हणाली.

सुरेखानं पहिल्यांदाच मान वर केली. तिचा चेहरा लाल झाला होता. "नको तर नको. जी-टू फेज यायला अजून अवकाश आहे. आली की मी सांगायला येणार नाही. इथं येऊन विचारायचं."

"विचारीन," पंकजा म्हणाली, आणि दार असं आपटलं की ट्रेमधले कांदे कपांवर हलले.

बाहेर चांगुणामावशी बर्फाच्या मशीनपाशी उभ्या होत्या. बोललात का, असं त्यांनी विचारलं. भांडले, असं पंकजानं सांगितलं. तिचा श्वास अजून जाग्यावर आला नव्हता. तिनं रिकामा डबा त्यांच्या हातात दिला.

"फेज जायच्या आत हा भरून ठेवा, मावशी."

चांगुणामावशी डबा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "कंची फेज?"

"लाइटची," पंकजा म्हणाली. "दुसरीचं मी बघते."